मामूच्या पेशी

सांगलीहून विट्यामार्गे साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत त्या दिवशी खिडकीकडच्या जागेवर थर्माकोलचा एक डबा बसला होता. डब्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती, आणि तिचा एक हात डब्यावर होता — पहिल्यांदाच प्रवासाला निघालेल्या लेकराच्या पाठीवर असतो तसा.

झिशान बागवान तासगावला चढला. काखेत पाच किलो बेदाण्याचं खोकं, बाहेर ऑगस्टची भुरभुर, आत ओल्या छत्र्यांचा वास. बाकी सगळी गाडी भरलेली.

"डबा खाली ठेवता का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग मांडीवर?"

"मांडी गरम असते. आत बर्फ आहे."

"आइस्क्रीम आहे होय?"

"सध्या काही नाही," मुलगी म्हणाली. "येताना रक्त असेल."

ही चेष्टा करतेय की खरं सांगतेय हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. झिशान तो चेहरा जरा जास्तच वेळ तपासत राहिला. शेवटी त्यानं कंडक्टरकडे दाद मागितली. कंडक्टरनं मुलीला विचारलं, "डब्याचं तिकीट हाय?" तिनं पूर्ण तिकीट काढून दाखवलं. कंडक्टर झिशानकडे वळला. "मग त्याचा हक्क हाय सीटवर. तुमी दांडा धरा."

झिशाननं रहिमतपूरपर्यंत दांडा धरला. मुलीनं दोनदा वर बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा ती हसू दाबत होती — निदान झिशाननं तशी नोंद केली.

रहिमतपूरला दोघंही उतरले. भुरभुर पावसात ती पुढे, तो मागे. बाजार ओलांडला, मशिदीची गल्ली लागली, तरी तो मागेच. ती गर्रकन वळली.

"तुम्ही माझ्या मागे येताय का?"

"मी माझ्या मामूच्या घरी चाललोय," झिशान म्हणाला. "तुम्हीच माझ्या पुढं चाललाय."

आणि दोघंही एकाच दारासमोर थांबले.

*

झिशानचे मामू अल्लाबक्ष मास्तर हे एके काळी रहिमतपुरातले एक नंबरचे शिंपी. चाळिशीत त्यांची बोटं थरथरू लागली, पन्नाशीत जिना चढवेना, आणि आता साठीत खुर्चीतून उठायला दोन माणसं आणि एक 'या अल्ला' लागत असे. मधल्या वीस वर्षांत नातेवाइकांनी रक्तातल्या लोहापासून शेजाऱ्याच्या नजरेपर्यंत सगळ्यावर उपचार करून घेतले होते. गेल्या वर्षी मिरजेच्या एका डॉक्टरांनी खरं नाव सांगितलं — केनेडीचा आजार. स्नायूंना हुकूम देणारे मज्जातंतू हळूहळू कामावरून कमी होतात. जीव सहसा जात नाही, चाल जाते. त्या नावाचा अमेरिकेचा अध्यक्ष होता असं कळल्यावर मामूंना थोडा मान वाटला होता. हा केनेडी वेगळा, नुसताच डॉक्टर, असं कळल्यावर तोही गेला.

मुलीचं नाव अर्फा अत्तार. वाईची, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती, आणि मिरजेच्या त्याच डॉक्टरांना भेटून आली होती. तिनं सतरंजीवर बसून स्वच्छ शब्दांत सांगितलं. "मास्तर, तुमचं रक्त न्यायचंय. त्यातल्या पेशींना आपण रक्तातल्या आहोत हे विसरायला लावायचं. विसरल्या की त्या पुन्हा जन्माआधीसारख्या होतात, त्यांना मूळपेशी म्हणतात, स्टेम सेल. मग त्यांना हळूहळू मज्जातंतू व्हायला शिकवायचं. म्हणजे ताटलीत तुमचेच मज्जातंतू वाढतील, आणि ते का आजारी पडतात ते आम्हाला समोर बघता येईल."

"मग मी बरा हुतो?"

"नाही," अर्फा म्हणाली.

घरात असं तोंडावर 'नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस आलं होतं. मामूंनी तिच्याकडे नीट बघितलं.

"औषधं निघाली तर आधी ताटलीतल्यांवर वापरून बघू. तुमच्यावर नाही."

"म्हंजी माझ्या वाटचं कडू त्यांनी खायाचं." मामू खूश झाले. "घ्या मग. जन्मभर दुसऱ्याची मापं घेतली. आता माझं बी कुनीतरी घ्या."

रक्ताआधी वंशावळ लागते. अर्फानं पेन्सिल काढली. मामूंनी तलाठ्यासमोर सांगावी तशी धडाधड नावं सांगितली: आजा, चुलत आजा, बाप, दोन चुलते. सगळे पुरुष, सगळे ऐंशीपर्यंत ताठ चाललेले.

"बायका?" अर्फानं विचारलं.

"बायका हितं कशाला? वारस तेवढं सांगतोय की."

"तुमच्या आईकडची माणसं सांगा ना. मामा वगैरे."

"आईचं म्हायार पलूस. तिकडं एक मामू हुता. कायम काठी घिऊन, असा झोकांड्या खात चालायचा. आमी पोरं त्याच्या मागनं त्याची नक्कल करत…"

मामू बोलता बोलता थांबले.

अर्फानं पलूसचा मामू कागदावर पुरुषाच्या चौकोनात घातला आणि आजारी म्हणून तो चौकोन काळा केला. मग तिथून मामूंच्या आईकडे एक रेघ आणली. "तुम्हाला बहीण आहे?"

"एकच. जरिना. पर ती दिली की तासगावात."

"दिली, पण रक्त तर बरोबर घेऊन गेली ना." जरिनाचा गोल झाला. गोलाखाली रेघ झाली. "त्यांना मुलगा?"

"ह्यो काय बसलाय," मामू म्हणाले.

झिशान तोवर बेदाण्याचं खोकं उघडत, मान वाकडी करून, भलत्या उत्सुकतेनं तो नकाशा बघत होता. पेन्सिलीची रेघ आपल्यापाशी येऊन थांबली हे त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

घरातली सगळी काळजी आजवर मामूंच्या मुलाला, अजमलला, वाहिलेली होती. बापाचं ते मुलाचं, या हिशेबानं त्याची दोन लग्नं मोडली होती. अर्फानं सांगितलं की हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, बाप मुलाला ते देतच नाही, म्हणून अजमल शंभर टक्के मोकळा. अजमल शांतपणे उठला, बाहेर गेला आणि दोन किलो पेढे घेऊन आला. पाव तासात ही बातमी रहिमतपूरभर झाली. निरोगी नातेवाईक म्हणून तुलनेसाठी त्याचंही रक्त घेतलं, तेव्हा त्यानं दोन्ही बाह्या वर केल्या होत्या.

झिशान तिला एसटीपर्यंत सोडायला गेला. डब्यात आता खरंच रक्त होतं.

"माझं किती?" त्यानं विचारलं.

"तुमच्या आईंमध्ये असण्याची शक्यता निम्मी. त्यांच्यात असेल तर तुमच्यात येण्याची निम्मी."

"म्हणजे चार आणे."

"चार आणे."

"चलनातनं गेलेत ते," झिशान म्हणाला.

यावेळी तिनं हसू दाबलं नाही. पण गाडी हलल्यावर खिडकीतून म्हणाली, "काळजी घ्या, झिशानभाई." त्यातल्या 'भाई'वर झिशान परतीच्या वाटेवर सबंध दोन तास विचार करत होता. चार आण्यांवर विचार करायला त्याला जमलं नाही. किंवा त्यानं जमवलं नाही.

*

झिशानचं तासगावात काडी तपासणीचं केंद्र होतं. फळछाटणीआधी शेतकरी द्राक्षवेलीच्या काड्या कापून आणत. झिशान काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे कोंब, पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरी आणि आत घड आहे की नुसतीच बाळी, म्हणजे फळ न धरणारा तणावा, ते सांगे. बीएस्सीनंतर नोकरी न मिळाल्यानं काढलेलं हे दुकान लोक आता 'डोळ्याचा दवाखाना' म्हणत.

अर्फाच्या धंद्यात आणि आपल्या धंद्यात फरक तो काय, असं वाटून त्यानं फोन केला. मग प्रश्न सुचत गेले. प्रश्न संपले की तो नवे तयार करी.

"पेशींना खायला काय घालता?"

"गुलाबी पाणी. रोज. ईदच्या दिवशीसुद्धा आधी त्यांचं, मग माझा शीरखुर्मा."

"आणि दोष नेमका कसला?"

"एका जनुकात तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. वीस-पंचवीस वेळा आली तर काही बिघडत नाही. चाळिशीच्या आसपास गेली की संपलं. एखादा वक्ता तोच मुद्दा वीस वेळा बोलला तर लोक सहन करतात ना? चाळीस वेळा बोलला की उठून जातात. इथं मज्जातंतू उठून जातात."

सप्टेंबरात तिच्या ताटलीत बुरशी आली आणि मामूंच्या पेशी मेल्या. तिनं फोन करून तेवढंच सांगितलं.

"आमच्याकडं द्राक्षावर भुरी येते," झिशान चाचरत म्हणाला. "फवारता नाही येत?"

"फेकून द्यावं लागतं. सगळं." नाक ओढल्याचा आवाज आला. "पुन्हा रक्त घ्यायला यावं लागेल."

झिशानला वाईट वाटलं. त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि शनिवारी येणार की रविवारी, हेही त्यानं लगेच विचारून घेतलं.

रहिमतपूरहून परतताना वाकडी वाट करून ती तासगावात आली. केंद्रात काड्यांच्या जुड्या रचलेल्या, ओल्या गोणपाटाचा वास, रांगेत आठ शेतकरी. झिशाननं तिला चहा दिला. देताना कप बशीत खडखडला. दोघांचीही नजर कपावर गेली.

"हे…" झिशान हळू म्हणाला, "तुम्ही आल्यामुळं आहे, का दुसरं काही आहे?"

अर्फानं कप घेतला. "मी नसताना वाजतो?"

"लक्ष दिलं नाही कधी."

"मग देऊ नका. आज माझ्यामुळे, असं धरून चालू."

"पुरावा?"

"माझाही वाजतोय," ती म्हणाली. आणि खरंच, वाजत होता.

तेवढ्यात रांगेतला जोतीराम नावाचा शेतकरी काडी नाचवत पुढे आला. त्याला तपासणी करायची होती आणि नव्हतीही. "आतमदी काय न्हाईच निघालं तर? बघूच नगं वाटतंय बघा. रातची झोप उडंल."

"आवं मामा," झिशान सवयीनं म्हणाला, "मी बघितल्यानं घड येत न्हाई, आन् न बघितल्यानं जात न्हाई. बघितलं तर कात्री कुठं लावायची ते कळतं, इतकंच."

त्यानं वळून बघितलं. अर्फा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या हातातला कप आता अजिबात वाजत नव्हता.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही, झिशान," ती म्हणाली.

भाई गळाला होता. झिशाननं जोतीरामच्या काडीचा चुकीचा डोळा कापला.

*

जरिनाबींनी मुलाला न विचारता चाचणी करून घेतली. "बापाच्या घरच्या कागदावर माझं नाव पयल्यांदा लागलं, ते बी असल्या कामाला," असं त्या भावाला फोनवर म्हणाल्या होत्या. आणि नाव लागलंच आहे तर पुढचं बघू, म्हणून एकट्याच मिरजेला जाऊन रक्त देऊन आल्या. जानेवारीत एका दुपारी लसूण सोलता सोलता त्यांनी सांगितलं, "माझ्यात हाय. तुझ्यात आलंय का न्हाई, दवाखान्यातली बाई म्हनली सांगता येत न्हाई." मग सोललेला लसूण पुन्हा एकदा सोलला.

चार आण्यांचे आठ आणे झाले.

झिशाननं पुण्याला फोन करणं बंद केलं. दिवसभर द्राक्षाची गोडी मोजायची, संध्याकाळी घर. दहाव्या दिवशी तिकडून फोन आला.

"नऊ दिवसांत तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही," अर्फा म्हणाली. "आजारी आहात की रागावलात?"

त्यानं सांगितलं. ती 'सगळं नीट होईल' वगैरे म्हणेल आणि आपल्याला राग येईल, अशी त्याची तयारी होती. तिनं नुसतं ऐकून घेतलं. महिन्याभरानं तिनं मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. करड्या पार्श्वभूमीवर पंधरा-वीस ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेला एकेक तंतू — चाचपडत, थांबत, वाट बदलत शेजाऱ्याकडे निघालेला. खाली लिहिलं होतं: 'मामू.'

झिशाननं ती सतरा वेळा बघितली. मग फोन केला.

"हे तर ठणठणीत दिसतात."

"आहेतच. पुरुषी संप्रेरक घातल्याशिवाय त्यांचा आजार दिसत नाही. ते घातलं की बिघाड सुरू. म्हणून तर तुमच्या आईंना काही होत नाही."

झिशाननं विचार केला. "म्हणजे पुरुषपणाच नडतो."

"ताटलीत तरी. बाहेरचं तुम्ही सांगा."

तो खूप दिवसांनी हसला. आणि हसता हसताच, चोराच्या पावलानं, खरा प्रश्न बाहेर आला. "अर्फा… चाचणीला दिवस किती लागतात?"

*

मिरजेच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी निकालाची वेळ चारची दिली होती. एप्रिलचं ऊन. आवारात कडुनिंबाखाली एक बाकडं. अर्फा सकाळच्या गाडीनं पुण्याहून आली होती. पेशींचं खाणंपिणं मैत्रिणीवर सोपवून, आयुष्यात पहिल्यांदा.

"निकालानंतर तुम्हाला एक विचारायचंय," झिशान म्हणाला.

"आत्ता विचारा."

"नंतर. चांगला आला तर."

"आणि वाईट आला तर?"

"तर नाही विचारणार."

अर्फानं घड्याळ बघितलं. "प्रयोग चुकीचा मांडलाय तुम्ही."

"कसा काय?"

"चारनंतर मी हो म्हटलं तर जन्मभर म्हणाल, दया केली. नाही म्हटलं तर म्हणाल, घाबरली. माझं उत्तर खरं कुठलं ते तुम्हाला कधी कळायचं नाही. मलाही नाही. आत्ता दोघांनाही काही माहीत नाही. इतकी स्वच्छ वेळ पुन्हा यायची नाही, झिशान. तेवीस मिनिटं आहेत."

त्यातली आठ मिनिटं झिशाननं वाया घालवली. एक मिनिट तो उन्हाबद्दल बोलला, दोन मिनिटं बेदाण्याच्या भावाबद्दल, आणि पाच मिनिटं नुसताच चपलेनं माती उकरत बसला. कडुनिंबाचा बारीक मोहोर तिच्या ओढणीवर पडत होता आणि ती तो झटकत नव्हती.

"अम्मीला…" त्यानं सुरुवात केली. "अम्मीला वाईला, तुमच्या घरी… पाठवू का?"

"पाठवा."

"अहो, विचार तरी करा!"

"ऑगस्टपासून करतेय. तुमच्यात दोष असला, तर मुलगे झाले तर सुटतील. मुली तो पुढे नेतील, पण सहसा आजारी पडणार नाहीत. आणि त्या मोठ्या होईपर्यंत आम्ही काय नुसतं गुलाबी पाणी पाजत बसणार आहोत का?"

झिशान तिच्याकडे बघत राहिला. "मुलींपर्यंत गेलात?"

"शास्त्रीय कुतूहल," ती म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

चार वाजता आतून नाव पुकारलं. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत आला. "येता?" ती आली.

सव्वाचारला दोघं पुन्हा त्याच बाकड्यावर होते. झिशानच्या हातात कागद होता आणि ती तीन अक्षरं किती वेळा आलीत त्याचा आकडा कागदावर होता — बेचाळीस.

त्यानं कागदाची चौपदरी घडी केली. मग झिशान म्हणाला, "मघाचं तुम्ही विसरलात तरी चालेल."

"विसरायला मी पेशींना शिकवते," अर्फा म्हणाली. "मला स्वतःला येत नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं हिशेब चालू होता. "मामूंचे अठ्ठेचाळीस आहेत, ते स्वतःच गावभर सांगतात. बेचाळीस म्हणजे बहुधा उशिरा सुरू होईल… पन्नाशी… कदाचित त्याच्याही पुढे. आणि आजपासून 'तुम्ही' बंद कर. मला 'अगं' म्हण."

"अगं," झिशान म्हणाला. पुढचं त्याला सुचलं नाही. त्यानं ओढणीच्या टोकानं तिचे डोळे पुसले. मग त्याच टोकानं, ती बघत असताना, स्वतःचे.

फोन वाजला. जरिनाबींचा. त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की तासगावहून मिरजेपर्यंत फोनची गरज होतीच असं नाही. झिशाननं दोन वाक्यांत निकाल सांगितला आणि तिसऱ्या वाक्यात अर्फाचं. पलीकडून आवाज आला, "तिला दे."

अर्फानं फोन कानाला लावला, पण कानापासून वीतभर लांब.

"पोरी, ऐक. माझ्याकडनं त्याला एक वंगाळ गेलं. माझी खोट हाय, मी सांगते. बाकीचं समदं मी त्याला चांगलंच दिलंय. पर तू नीट इचार कर, घाई करू नगं. मग हो म्हन, न्हाईतर न्हाई म्हन. आमी वाईट वाटून घेनार न्हाई."

"अम्मी, मी हो म्हटलंय."

"कवा?"

"पावणेचारला."

"आनि निकाल?"

"चार वाजता."

मग जरिनाबी काहीतरी बोलल्या. जन्मात पहिल्यांदाच हळू, इतक्या हळू की अर्फाला फोन कानाला घट्ट धरावा लागला. ती ऐकत राहिली. एकदा मान हलवली, एकदा "हो" म्हणाली आणि फोन बंद करून झिशानच्या हातात दिला.

"काय म्हणाली?" झिशाननं विचारलं.

अर्फानं ओढणी सारखी केली आणि रिक्षाच्या दिशेनं चालू लागली.

"अगं, काय म्हणाली?"

"तुझ्यासाठी नव्हतं ते," ती मागे न बघता म्हणाली आणि चालता चालता हात तेवढा मागे केला, त्यानं धरावा म्हणून.